वाईट बातमी वेळेवर कळावी म्हणून

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर साधारण एकाच पद्धतीने तयार होतो. ज्याचा हात चांगला, ज्याचे पीस सहसा रिजेक्ट होत नाहीत, मशीन अडलं की जो मेंटेनन्सवाल्याची वाट न बघता स्वतः दोन गोष्टी करून पाहतो, त्याला एके दिवशी साहेब केबिनमध्ये बोलावतात आणि उद्यापासून लाइन सांभाळायला सांगतात. हिंजवडीत उत्तम कोड लिहिणाऱ्या मुलीच्या बाबतीत हेच घडतं, बँकेच्या शाखेत काउंटरवरच्या तडफदार अधिकाऱ्याच्या बाबतीत घडतं, रुग्णालयात वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरच्या बाबतीतही घडतं. आदल्या संध्याकाळपर्यंत काम त्यांच्या स्वतःच्या हातात असतं. दुसऱ्या सकाळी ते दहा-वीस जणांच्या हातांत गेलेलं असतं, आणि ते नीट व्हावं यासाठी त्यांच्याजवळ बोलणं आणि ऐकणं एवढंच उरतं. नवं मशीन आलं तर कंपनी आठवडाभराचं ट्रेनिंग देते. माणसं सोपवताना बहुतेक ठिकाणी एक पत्र मिळतं आणि अभिनंदन होतं. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढची पानं लिहिली आहेत.

बढतीच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. कालपर्यंत कॅन्टीनमध्ये एका टेबलावर डबा खाणारे मित्र आज तो जवळ आला की विषय बदलतात. कुणाचं मशीन आवाज करतंय, कोणत्या लॉटचं मटेरियल संशयास्पद आहे, कोण नोकरी सोडायच्या विचारात आहे, हे सगळं त्याला आपोआप कळत असे. आता कळत नाही. कुणी त्याच्याशी वैर धरलेलं नसतं. तो साहेबांच्या बाजूला गेला एवढंच, आणि साहेबांच्या बाजूला माहिती जपून द्यायची असते, हे प्रत्येक कामगार नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकलेला असतो. म्हणजे जबाबदारी वाढते त्याच दिवशी नजर कमी होते. या विषयावर मी जे वाचलं आणि पाहिलं त्यातून माझं एकच ठाम मत झालं आहे: व्यवस्थापक कसा बोलतो यापेक्षा त्याच्यापर्यंत वाईट बातमी किती लवकर पोचते, यावरून त्याची पारख करावी. भाषण, ईमेल, मीटिंग, कौतुक, कानउघाडणी हे सगळं त्या एका कसोटीला लावून बघावं.

हे मत मला विमानांच्या इतिहासाने दिलं, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडला उतरत होतं. चाकं खाली सोडताना मोठा आवाज झाला आणि चाकं नीट बसल्याची खूण देणारा दिवा लागला नाही. कॅप्टन अनुभवी होता. त्याने विमान घिरट्या घालत ठेवलं, चाकांची तपासणी केली, प्रवाशांना आपत्कालीन उतरणीसाठी तयार करायला सांगितलं. हे सगळं योग्यच होतं. पण यात सुमारे तासभर गेला. सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर या दोघांनाही इंधन संपत चाललंय हे दिसत होतं. त्यांनी ते सांगितलंही, पण आकडे सांगितले, सूचक बोलले, साहेबाच्या लक्षात येईल अशी आशा धरली. ‘आता उतरलंच पाहिजे’ असं ठणकावून कुणी म्हटलं नाही. इंजिनं एकामागून एक बंद पडली आणि विमान धावपट्टीपासून काही मैलांवर वस्तीत कोसळलं. विमानात १८९ जण होते, त्यांपैकी दहा दगावले. इंधनाकडे लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअरही त्या दहांत होता.

चौकशी करणाऱ्या अमेरिकी सुरक्षा मंडळाने यातून काढलेला निष्कर्ष त्या काळात नवा होता. विमानातलं यंत्र, इंधनमापक, वैमानिकांचं उड्डाणकौशल्य यापलीकडे जाऊन त्यांनी कॉकपिटमधल्या बोलण्याकडे बोट दाखवलं. कॅप्टनना सहकाऱ्यांना सामील करून घेण्याचं शिक्षण द्या आणि कनिष्ठांना ठामपणे बोलण्याचं शिक्षण द्या, अशी शिफारस झाली. त्याच कंपनीने १९८१ मध्ये आपल्या वैमानिकांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे जगभरच्या विमान कंपन्यांनी तो स्वीकारला.

आणि मग १९ जुलै १९८९ आला. त्याच कंपनीचं २३२ क्रमांकाचं विमान डेन्व्हरहून शिकागोला जात असताना शेपटीतल्या इंजिनाची तबकडी फुटली. तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. विमान वळवण्याचं, चढवण्याचं, उतरवण्याचं नेहमीचं एकही साधन उरलं नाही. कॅप्टन अल हेन्स यांनी तेव्हा जे केलं ते प्रत्येक व्यवस्थापकाने नीट बघावं. आपल्याला हे येत नाही, हे त्यांनी मान्य केलं आणि कॉकपिटमधल्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. त्याच विमानात प्रवासी म्हणून एक प्रशिक्षक वैमानिक बसला होता, त्यालाही आत बोलावलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल त्याच्या हाती दिले. चौघांनी मिळून, इंजिनांचा जोर कमी-जास्त करत, विमान आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. ते उतरताना मोडलं, पेटलं, ११२ जण गेले. पण २९६ पैकी १८४ जण वाचले. नंतर सिम्युलेटरमध्ये तसाच प्रसंग उभा करून इतर वैमानिकांना प्रयत्न करायला लावला, तेव्हा सुरक्षित उतरणं जमत नव्हतं. हेन्स यांनी पुढची अनेक वर्षं ठिकठिकाणी व्याख्यानं दिली आणि आपल्या यशाचं श्रेय त्या बोलण्याच्या प्रशिक्षणाला दिलं.

त्या अभ्यासक्रमात कनिष्ठाने वरिष्ठाला धोका कसा सांगावा याच्या पायऱ्या असतात. आपल्या कामाला त्या तंतोतंत लागू पडतात. आधी नावाने किंवा पदाने हाक मारून लक्ष वेधायचं. मग आपल्याला काळजी वाटते हे सरळ म्हणायचं. मग अडचण आकड्यासकट सांगायची, मग आपला उपाय मांडायचा, आणि शेवटी होकार किंवा नकार घेतल्याशिवाय हलायचं नाही. ‘साहेब, मला काळजी वाटतेय. बार स्टॉक उद्या दुपारी दोनपर्यंतच पुरेल. पुरवठादाराची गाडी आज रात्री निघाली तर लाइन थांबणार नाही. मी आत्ता फोन लावू का?’ हे बोलायला अर्धं मिनिट लागतं. याऐवजी आपल्याकडे काय होतं? ‘स्टॉक जरा कमीच दिसतोय, साहेब.’ साहेब मोबाइलवरून नजर न हटवता ‘बघा’ म्हणतात आणि दोघांनाही आपलं कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं.

बातमी वर येणं थांबतं कुठे, हे एका साध्या प्रसंगात बघू. सकाळी दहा वाजता सीएनसीवरच्या ऑपरेटरच्या लक्षात येतं की बोअरचं माप सरकलंय. टूल झिजलंय. आधीचे चाळीसेक पीस मर्यादेच्या काठावर किंवा बाहेर गेलेत. आता त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, सुपरवायझरला बोलावून सांगायचं. दुसरी, गुपचूप ऑफसेट दुरुस्त करायचा आणि ते चाळीस पीस ट्रेमध्ये चांगल्या मालात मिसळून द्यायचे. तो कोणती वाट धरेल हे मागच्या वेळी काय घडलं यावर ठरतं. मागच्या वेळी सुपरवायझरने आल्या आल्या ‘झोपला होतास काय?’ असं चार जणांदेखत विचारलं असेल, तर या वेळी माल मिसळला जाईल. तीन आठवड्यांनी ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर तो अडकेल, मग संपूर्ण लॉटची छाननी, विमानाने बदली माल, वरच्या साहेबांची फेरी, आणि शेवटी ‘क्वालिटीची जाणीव’ या विषयावर सगळ्यांना एक व्याख्यान. मूळ कारण मात्र त्या एका वाक्यात होतं. म्हणून या पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य कोणतं असं कुणी विचारलं, तर मी वाईट बातमी ऐकल्यानंतरच्या पहिल्या वाक्याकडे बोट दाखवेन. ‘बरं झालं लगेच सांगितलंस. शेवटचा चांगला पीस कोणता? तिथून पुढचे बाजूला काढू.’ चूक कुणाची, टूल वेळेवर का बदललं गेलं नाही, हे प्रश्न विचारायचेच आहेत, पण माल वेगळा झाल्यावर, आणि शक्यतो दुपारी, शांतपणे.

टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराला दोरी ओढून मदत मागता येते, आणि अडचण ठरलेल्या जागेपर्यंत सुटली नाही तर लाइन थांबते. धागा तुटताच आपोआप थांबणारा माग साकिची टोयोडा यांनी बनवला होता, त्या विचाराचं हे पुढचं रूप. आपल्याकडेही आता अनेक कारखान्यांत अडचण आल्याची खूण देणारे, ‘अँडन’ म्हणतात ते दिवे लागले आहेत. दिवा विकत घेता येतो. तो लावण्याची हिंमत मात्र, दिवा लागल्यावर धावत येणारा माणूस काय बोलतो त्यावर अवलंबून असते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना अपेक्षेच्या उलट आढळलं: चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. तिथे चुका जास्त होत होत्या असा त्याचा अर्थ नव्हता. तिथे चुका सांगितल्या जात होत्या, बाकी ठिकाणी लपवल्या जात होत्या. ज्या विभागाचा मासिक अहवाल नेहमी स्वच्छ येतो, तिथे वरिष्ठांनी आधी जाऊन बसावं, असं मला त्यावरून वाटतं.

आता हुकूम देण्याबद्दल. मराठी माणसाला याचं उत्तम उदाहरण शोधायला दूर जायला नको. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या परिसरात छावणी पडलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्याच्याकडे रयतेविषयीच्या कळवळ्याचं पत्र म्हणून आपण पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण हाताखालच्या अधिकाऱ्यांना सूचना कशी द्यावी याचा तो नमुनाही आहे. दाणा-वैरण जपून वापरा, एवढं सांगून पत्र संपत नाही. आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेकडून ओरबाडायला जाल, रयत गाव सोडेल आणि तुम्हाला मोगलांहून वाईट म्हणेल, अशी एकेक कडी जोडत ते जातं. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत बारकावे त्यात आहेत. हुकूम पाळणाऱ्याला ‘का’ समजलं, तर पत्रात न लिहिलेला प्रसंग आला तरी तो योग्य वागेल, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

अमेरिकेत मेरी पार्कर फॉलेट या विदुषीने १९२५ मध्ये हुकूम देण्यावरच एक व्याख्यान दिलं. हुकूम माणसाचा नसावा, परिस्थितीचा असावा, दोघांनी मिळून परिस्थिती पाहिली की काय करायचं ते तीच सांगते, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्यांत नवखी माणसं लाखोंनी भरावी लागली, तेव्हा सुपरवायझरांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा छोटा, अत्यंत व्यावहारिक कार्यक्रम आखला गेला. दहा लाखांहून अधिक लोकांनी तो पुरा केला आणि युद्धानंतर तो जपानमध्ये रुजला. काम शिकवण्याची त्यातली पद्धत आजही तितकीच कामाची आहे. शिकणाऱ्याला आधी मोकळं करा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग काम दाखवा: महत्त्वाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीतली मेख, आणि त्या मेखेमागचं कारण. मग त्याच्याकडून करून घ्या आणि करता करता त्यालाच ते बोलायला लावा. मग त्याला एकटं सोडा, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगून ठेवा आणि अधूनमधून बघा. यातली ‘त्यालाच बोलायला लावा’ ही पायरी आपण हमखास गाळतो. ‘समजलं ना?’ असं विचारतो, समोरचा ‘हो’ म्हणतो. बिहारहून, ओडिशाहून किंवा मराठवाड्यातल्या गावाहून कालच आलेला कंत्राटी मुलगा नव्या साहेबांपुढे ‘नाही समजलं’ म्हणेल ही अपेक्षाच चुकीची आहे. ‘आता तू मला सांग, आधी काय करशील?’ हा प्रश्न विचारला की दोन मिनिटांत खरं काय ते कळतं.

ऐकण्याचा एक भारतीय दाखलाही इथे नोंदवायला हवा, कारण व्यवस्थापनाच्या जागतिक इतिहासात त्याला स्थान आहे आणि आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हतं. शेडमध्ये २२४ माग, आणि त्यांवरचं काम बारा प्रकारांत वाटलेलं. कोण कुणाला मदत करायची, कुणाचं कुणी ऐकायचं, याचा मेळच बसत नव्हता. मागांचे छोटे गट पाडून प्रत्येक गट एका टोळीने पूर्णपणे सांभाळावा, अशी कल्पना राइस यांनी मांडली. ती चर्चेत आली आणि तपशील ठरवायच्या आतच कामगार व सुपरवायझरांनी ती उचलून धरली, आपापल्या टोळ्या स्वतःच जमवल्या. काही महिन्यांच्या चढउतारांनंतर उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. सतरा वर्षांनी दुसरे संशोधक तिथे परत गेले, तेव्हा एका शेडमध्ये ती रचना बरीचशी टिकून होती. ज्यांना काम करायचंय त्यांनी मांडणी केली की ती अशी टिकते.

यापुढचा भाग आपल्या मातीतला आहे आणि परदेशी पुस्तकं तिथे फारशी मदत करत नाहीत. सव्वीस वर्षांचा डिप्लोमाधारक सुपरवायझर आणि बावन्न वर्षांचा ऑपरेटर, यांनी एकमेकांना काय म्हणायचं? ‘तू’ म्हटलं तर माणूस दुखावतो. ‘काका’ म्हटलं तर घरचं नातं येतं आणि मग काकांना उशिरा आल्याबद्दल बोलायचं कसं, हा पेच पडतो. माझा अनुभव असा की ‘काका’ म्हणावं, ‘तुम्ही’ म्हणावं आणि बोलायचं ते स्पष्ट बोलावं. ‘काका, या आठवड्यात तिसऱ्यांदा पंधरा मिनिटं उशीर झाला. तुमच्या जागी मला दुसऱ्याला उभं करावं लागतं. घरी काही अडचण आहे का?’ यात आदर शाबूत आहे, आकडा आहे, परिणाम आहे आणि उत्तराला जागा आहे. ‘तुम्ही हल्ली कामात लक्षच देत नाही’ हे वाक्य यातलं काहीच देत नाही. ते माणसाच्या स्वभावावर निकाल देतं, आणि स्वभावावरच्या निकालाला कुणीही फक्त विरोधच करू शकतो. वयाने मोठ्या माणसाला चार जणांदेखत बोलण्याचे परिणाम तर आपल्याकडे वर्षानुवर्षं टिकतात. पगारवाढीचा करार होऊन जातो, बोनस वाटून होतो, पण दहा वर्षांपूर्वी लाइनवर झालेला अपमान निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत लक्षात राहतो.

शिफ्ट बदलतानाच्या बोलण्यावर थोडक्यात एवढंच: ते लिहून आणि समोरासमोर, दोन्ही व्हावं. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर १६७ जण गेले. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढलेला होता, ही गोष्ट रात्रपाळीला नीट पोचली नव्हती आणि तो पंप सुरू केला गेला.

अशा विषयावर बोललं की अनुभवी व्यवस्थापक एक शंका हमखास काढतात: इतकं गोड बोललं तर माणसं डोक्यावर बसतील. ही शंका मी गंभीरपणे घेतो, कारण ती ज्यांनी खरोखर माणसं सांभाळली आहेत त्यांच्याकडून येते. पण तिच्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. मापाच्या मर्यादेत सूट देणं, हेल्मेट न घालता आत सोडणं, उशिराकडे डोळेझाक करणं याने माणसं डोक्यावर बसतात. कारण समजावून सांगितल्याने, नाव घेऊन कौतुक केल्याने किंवा चूक सांगणाऱ्याला आधी धन्यवाद दिल्याने कुणी डोक्यावर बसल्याचं मी पाहिलेलं नाही. सू सिटीच्या त्या कॉकपिटमध्ये शेवटचा निर्णय कॅप्टनचाच होता. त्याने सगळ्यांना विचारलं म्हणून त्याचा अधिकार कमी झाला नाही. कामाबद्दल कडक आणि माणसाबद्दल मऊ असणं अवघड आहे, त्याचा सराव लागतो, आणि पुढच्या प्रकरणांतले संवाद त्या सरावासाठीच दिले आहेत. ते मोठ्याने, शक्यतो दुसऱ्या कुणाला समोर बसवून वाचावेत. डोळ्यांनी वाचलेलं वाक्य ब्रेकडाउनच्या वेळी तोंडात येत नाही.

अनुक्रम जसा आहे तसाच पाळायला हवा असं नाही. नुकतीच बढती मिळालेल्यांनी ऐकण्यावरचं प्रकरण आधी घ्यावं. ज्यांची टीम पुण्यात, बंगळूरुत आणि परदेशात विखुरलेली आहे, त्यांनी लेखी निरोपांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण चेहरा दिसत नसला की त्रोटक ईमेल रागाची वाटते.

आणखी एक विनंती आहे, ती प्लांट हेड, संचालक आणि मालक मंडळींना. तुम्ही हे पुस्तक सुपरवायझरांना वाटाल, त्यांच्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळाही ठेवाल. तसं करण्याआधी ते स्वतः वाचा आणि महिनाभर एक वही ठेवा. सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणी ‘या आठवड्याचं डिस्पॅच चुकणार आहे’ असं म्हटलं की त्यावर तुमच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य त्यात जसंच्या तसं लिहा, तारखेसह. महिन्याच्या शेवटी ती वही आपल्या सुपरवायझरांसमोर वाचून दाखवा आणि त्यांना विचारा, यातलं कोणतं वाक्य ऐकल्यावर पुढच्या वेळी तुम्ही मला आधी सांगाल आणि कोणतं ऐकल्यावर सांगणार नाही.